नऊ चाळीसला काढलेलं चिलखत

मी चिलखत सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी काढलं होतं. पैज दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंतची होती. हे एवढंसं वाक्य ज्या माणसासमोर बोलायचं होतं त्याच्यासमोर बोलायला मला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत मी त्याचं जे नुकसान केलं, ते कुठल्याच पैजेत बसणारं नव्हतं. म्हणून ते आधी सांगून टाकलं. आता त्या माणसाबद्दल लिहितो.

ते चंद्रपुरात, परकोटाच्या आत, कूलर बनवायचे. गल्ली त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणायचो. मागच्या वर्षी दुकान पुतण्याकडे देऊन ते लेकीकडे बल्लारपूरला राहायला गेले. तिथे त्यांनी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या ठोकून बघायला सुरुवात केली आहे, असं कळतं.

ठोकून बघणं ही त्यांची सवय होती. पत्र्याची कुठलीही वस्तू दिसली की बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावायचे. एसटीत चढताना दारावर टकटक. लग्नाच्या पंगतीत भाताच्या पातेल्यावर टकटक. एकदा आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला आले आणि मुख्याध्यापकांच्या कपाटावर ठोकून म्हणाले, "सर, तुम्हाले फसवलं." कपाट तेरा वर्षं जुनं होतं. मुख्याध्यापकांनी त्यानंतर मला दोनदा विचारलं की त्या गृहस्थांना बोलावलं कोणी.

माणसांनासुद्धा ते पत्र्याच्याच मापानं मोजायचे. पत्र्याचा गेज जितका मोठा तितका पत्रा पातळ, एवढं लक्षात ठेवलं की त्यांची मतं कळायची. "तो वकील? अठ्ठावीस गेज. बोट लावलं की वाकते." स्वतःच्या व्याह्यांना त्यांनी चोवीस दिले होते, आणि ते व्याह्यांना माहीत होतं. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "पत्रा खोटं बोलत नाई." गिऱ्हाईक कूलर मागायला आलं की म्हणायचे, "पहिले खिडकी दाखवा." मग सायकल काढून त्याच्या घरी जायचे, खिडकी बघायचे, आणि कधीकधी म्हणायचे, "ह्या खिडकीले कूलर चालत नाई. पहिले भिंत फोडा." भर मे महिन्यात, दारात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा चंद्रपुरातला तो एकच माणूस असेल.

पावसाळा ते माघ मात्र कूलरवाल्याला काम नसतं. त्या रिकाम्या महिन्यांत आमचा खेळ चालायचा.

खेळ माझ्या मुलीनं पुण्याहून आणला होता. ती परत गेली, पुस्तक आणि फासे माझ्याकडे राहिले. खेळ असा की एकजण गोष्ट सांगतो: राजा, जंगल, राक्षस. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतंय ते सांगतात. जमलं की नाही ते फासा ठरवतो. सगळं कागदावर आणि तोंडी. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. खेळायला तिघं होती. मेडिकलचं दुकान चालवणाऱ्या बाई जादूगारीण झाल्या. निवृत्त एसटी ड्रायव्हरभाऊ, ज्यांनी भामरागडच्या रस्त्यावर वीस पावसाळे गाडी चालवली होती, ते चोर झाले. आणि चाचांचे दंड बघून मी त्यांना योद्धा दिला. दर रविवारी दुपारी त्यांच्याच दुकानात, अर्धवट कूलरांच्या मधे आम्ही बसायचो.

पहिल्याच रविवारी मी म्हणालो, "तुम्ही तिघं सकाळपासून घनदाट जंगलातून चालत आहात."

चाचांनी हात वर केला. "माह्या योद्ध्यानं आंगात काय घातलं आहे?"

"पोलादी चिलखत."

"किती गेजचं?"

पुस्तकात गेज दिलेला नव्हता. वजन दिलं होतं, ते मी सांगितलं. एक भरलेला गॅस सिलिंडर असतो साधारण तेवढं.

"अन् हा सकाळपासून चालून राह्यला?"

"हो."

"महिना कोणता?"

मला काय माहीत. मी म्हणालो, "वैशाख."

चाचांनी पेन्सिल खाली ठेवली. "मास्तर, हा मेला."

"चाचा, खेळ आहे तो," ड्रायव्हरभाऊ म्हणाले.

"खेळ आहे म्हणून तं मी सांगून राह्यलो. खरं असतं तं त्यानं स्वतःच सांगतलं असतं. लघवीले कसा जाते हा? पाठ खाजली तं काय करते? वैशाखात बंद पेटीत कोंबडी ठेवा, सांजेले काय होते ते मले सांगा."

तेव्हापासून चाचांचा योद्धा मुक्कामावर पोचला की चिलखत उतरवायचा. ते घालायला किती वेळ लागतो याचा हिशोब चाचांनी स्वतः मांडला होता आणि तो ते इमानदारीनं पाळायचे. राक्षस रात्रीच येतात, हा पुस्तकाचा नियम. त्यामुळे आमच्या राज्यातला सगळ्यात शूर योद्धा प्रत्येक लढाई बनियनवर लढला. बाई वैतागायच्या. "माह्यी अर्धी जादू ह्यायचं बनियन वाचवण्यातच जाते." पावसाळ्याचा प्रसंग आला की योद्धा गंज उतरवत बसायचा. "भामरागडले कूलर पाठवला होता मी. एका पावसाळ्यात पेंदा गेला. ह्याले काय वेगळं लोखंड देल्लं का देवानं?" मग तो मोहाच्या बियांचं तेल शोधत गावोगाव फिरायचा. राजकन्या तिकडे सतराव्या रविवारीसुद्धा कैदेतच होती.

खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा. गोष्ट माझी होती. वर्गात पोरं ऐकत नाहीत, इथे तरी ऐकावी असं मला वाटायचं. त्या सतराव्या रविवारी मी जरा वर्गातल्या आवाजात म्हणालो, "चाचा, इतिहासात माणसं चिलखत घालून दिवसच्या दिवस लढली आहेत. पुराव्यानिशी सांगतो."

"तुम्ही पाह्यलं?"

"वाचलंय."

"मी पत्रा पाह्यला आहे."

बाईंना दुकान उघडायला जायचं होतं. त्या उठता उठता म्हणाल्या, "मंग घाला न एक दिवस. तुम्हीबी अन् मास्तरबी. आपापलं काम करा दिवसभर, अन् सांजेले इथी या. झगडा मिटन."

चाचांनी आठ दिवसांत दोन चिलखतं केली. छाती, पाठ, खांदे, हात, मांड्यांवर लोंबणाऱ्या पट्ट्या आणि टोप. शिंपी घेतो तसं दोरीनं माझं माप घेतलं. आतून जुन्या सतरंजीचं अस्तर लावलं. माझं चिलखत अखंड पत्र्याचं होतं आणि त्यांनी स्वतःचं उरलेल्या तुकड्यांचं केलं होतं, कारण "पाहुण्याले जोड देत नाई". साचा दोन्हींचा एकच. वजनही त्यांनी शेरडं मोजायच्या काट्यावर पुस्तकातल्याइतकं जुळवून आणलं होतं.

दिवाळीची सुट्टी होती. बायको मूल गावी, तिच्या माहेरी गेली होती. पहाटे मी ते सगळं अंगावर चढवलं आणि आरशात बघितलं. खोटं बोलत नाही, पहिला अर्धा तास मी फार खूश होतो. मग चहा करायला गेलो आणि ओट्यावरच्या तीन बरण्या पाडल्या. आठच्या सुमारास डाव्या काखेत टोचायला लागलं. नऊला पाठीच्या बरोबर मधे खाज सुटली, आणि मी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहिलो. ते घासणं चौकटीला कळत होतं, मला नाही. नऊ चाळीसला मी म्हणालो, फक्त आंघोळीपुरतं काढू.

आंघोळ झाली. पोहे खाल्ले. पंख्याखाली बनियनवर बसून सहामाहीचे पेपर तपासले. दुपारी दोन तास झोपलो. साडेचारला उठून चिलखत परत घातलं आणि निघायच्या आधी न्हाणीत जाऊन तोंडावर, मानेवर दोन तांबे पाणी मारलं. घामासारखं दिसावं म्हणून. ते पाणी मारताना मला पूर्ण कळत होतं मी काय करतोय. विसरलो, चुकून झालं, असं काही नाही.

दुकानात चाचा बनियनवर बसले होते. चिलखत शेजारी. शटरवर खडूनं ओळी लिहिलेल्या होत्या: नमाजासाठी काढलं, इतकी मिनिटं; परत घातलं. शेवटची ओळ होती, "तीन दहाले काढलं. खांदा." त्यांचा डावा हात वर होत नव्हता आणि काख सोलवटून लाल झाली होती. जेवण त्यांनी उभ्यानं केलं होतं, कारण खाली बसलं की मांड्यांवरच्या पट्ट्या पोटात घुसत होत्या. ड्रायव्हरभाऊ आणि बाई माझीच वाट बघत होते.

चाचांनी मला वरून खाली बघितलं. "सकाळपासून?"

"सकाळपासून," मी म्हणालो.

ते उठले, उजवा हात पुढे केला. "मी हरलो. मास्तर, तुम्ही अठरा गेज." अठरा त्यांनी आजवर कोणालाच दिले नव्हते. ड्रायव्हरभाऊंनी पेढे आणले. मी तीन खाल्ले.

मला वाटलं, विषय संपला. पण चाचा हरल्यावर गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. ते विचार करायला लागले. साचा एक, वजन एक, अस्तर एक. मास्तर पेनानं काम करणारा माणूस. तो दिवसभर टिकला आणि आपण तीन दहाला गेलो. मग फरक कुठे आहे? म्हणजे मास्तरच्या चिलखतात आपल्या हातून काहीतरी बरोबर बसलंय, जे आपल्यालाच माहीत नाही. माझं चिलखत त्यांनी मागून घेतलं, दुकानात खिळ्याला लावलं आणि त्याचा साचा कागदावर उतरवला.

हे सगळं मी त्याच आठवड्यात थांबवू शकलो असतो. नाही थांबवलं. उलट आणखी एक केलं.

आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीतली नाटकं सुरू होतात. गावोगाव मांडव पडतात आणि एकेक नाटक रात्रभर चालतं. वडशाच्या एका नाटक मंडळीच्या मॅनेजरच्या कानावर आमची पैज गेली. तो सहा चिलखतं सांगायला आला. "रातभर घालाची आहेत, चाचा. त्रास नाई न होणार?" चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मास्तरले विचारा. त्यायनं घातलं आहे."

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काही त्रास नाही. शर्टासारखं वाटतं."

पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात पहिला प्रयोग झाला. पुढचं मला ड्रायव्हरभाऊंनी सांगितलं, त्यांचा साडू तिथे होता. दुसऱ्या अंकात सेनापतीनं राजापुढे गुडघा टेकला आणि त्याला उठता येईना. राजा दोनदा म्हणाला, "ऊठ सेनापती." सेनापती म्हणाला, "महाराज, मी असाच बरा." लोकांनी त्याच्या निष्ठेला टाळ्या दिल्या. तो सगळा प्रवेश राजा त्याच्याभोवती फिरून बोलला, आणि पडदा पडल्यावर चौघांनी सेनापतीला उचलून उभं केलं. शेवटच्या अंकात त्याला मरून पडायचं होतं, पण आता पडलो तर पडदा पडेपर्यंत ओरडत राहू याची त्याला खात्री होती. म्हणून तो मांडवाच्या खांबाला टेकून उभ्यानं मेला. शत्रूनं त्याच्या प्रेताला वळसा घालून राज्य घेतलं. प्रयोग म्हणे फार रंगला. पण सेनापतीच्या दोन्ही काखा फाटल्या होत्या आणि तो पंधरा दिवस हात फाकवून चालत होता.

मंडळीनं सहाही चिलखतं परत आणून टाकली. चाचांनी ती ठेवून घेतली. नंतर सेनापतीच्या घरी जाऊन मलम देऊन आले. मॅनेजर जाताना दुकानाच्या पायरीवर म्हणाला, "चाचाचा हात गेला आता." ते वाक्य गल्लीत राहिलं. फाल्गुनात कूलरची गिऱ्हाइकं येऊ लागली, तेव्हा त्यांच्याबरोबर तेही येऊ लागलं.

चाचा एकेक कूलर तीनतीनदा मोजायला लागले. खिडक्या बघायला जाणं त्यांनी बंद केलं; जो मागेल त्याला मागेल तो कूलर द्यायचे. खेळ आधीच थंडावला होता. त्यांचा योद्धा आता चिलखतातच झोपायचा, चिलखतातच नदी पोहायचा, आणि ते काही विचारायचे नाहीत. राजकन्या दोन रविवारांत सुटली. कोणालाच मजा आली नाही.

मग एका दिवशी माझ्या लक्षात आलं की ते आता कशावरच टकटक करत नाहीत.

मी सांगायचं ठरवून दुकानात जायचो. पायरी चढायचो, ते वर बघायचे, "काय पायजे, मास्तर?" आणि माझ्या तोंडून निघायचं, "पाण्याचा पंप." आमच्या घरात कूलर एक आहे आणि त्या उन्हाळ्यात पंप सात झाले. बायको म्हणाली, "विहीर उपसून राह्यले का कुठी?"

आठव्या पंपाच्या दिवशी, मे महिन्यात, सकाळी अकराला, चाचा माझं चिलखत मांडीवर घेऊन बसले होते. डोकं जवळजवळ त्याच्या आत होतं. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

"मास्तर, ह्या मोसमानंतर दुकान बंद करतो," ते चिलखतातूनच म्हणाले.

"काऊन?"

"हात गेला. हे पाहा. हे मीच केलं. पण काय केलं ते मले समजून नाई राह्यलं. डोया म्हणते इथी काखेत टोचलंच पाह्यजे. अन् तुम्हाले टोचलं नाई. मंग डोया खोटा झाला न माहा. चाळीस वर्साचा डोया."

मी म्हणालो, "चाचा, मी काढलं होतं."

"काय?"

"चिलखत. नऊ चाळीसला. मग एकदम संध्याकाळी घातलं."

त्यांनी डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, हातोडा उचलतील. ते म्हणाले, "टोचलं कुठी?"

"डाव्या काखेत."

"पहिले डाव्या? उजव्या नाई?"

"डाव्या. आठ वाजता."

"अन् पाठीत?"

"खाज. नऊला."

मग त्यांचं बोट हळूच वळलं आणि त्यांनी चिलखताच्या छातीवर टकटक केलं. कान लावला. पुन्हा टकटक केलं. "माह्याबी डाव्याच," ते म्हणाले. "म्हणजे साचाच चुकीचा. हात बराबर आहे." आणि त्यानंतर राग आला. तो मोठा नव्हता, पण मला पुरला. "सहा महिने, मास्तर. सहा महिने मी ह्याच्यात मुंडकं घालून बसलो. अन् तुम्ही पंप घेऊन राह्यले." त्यांनी चिलखत मांडीवरून खाली ठेवलं. "अठरा नाई. तुम्ही सव्वीस."

मी मान डोलावली. सव्वीससुद्धा मला माझ्या लायकीपेक्षा जाडच वाटले.

"घाला," ते म्हणाले.

"आत्ता? बाहेर त्रेचाळीस—"

"मोजाचं आहे मले. कुठी टोचते, कधी टोचते, खरं खरं सांगाचं. अन् जिंकले तवा सगळ्यासमोर जिंकले होते, मंग हेबी सगळ्यासमोर." त्यांनी फोन करून बाईंना आणि ड्रायव्हरभाऊंना बोलावलं.

मी चिलखत घातलं. दुकानाच्या पायरीवर, उन्हात, स्टुलावर बसलो. चाचा कूलर ठोकायचे आणि मधेच वळून विचारायचे, "आता?" मी जागा सांगायचो, ते तिथे खडूची फुली मारून वेळ लिहायचे. दीड वाजेपर्यंत माझ्या अंगावर इतक्या फुल्या झाल्या होत्या की एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे विकायचं आहे का. चाचा म्हणाले, "नाई. खराब माल आहे." बाईंनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. ड्रायव्हरभाऊ समोर उकिडवे बसून शेंगा खात होते. ते म्हणाले, "मास्तर, मी पेढे आणले होते."

तीन दहाला चाचांनी घड्याळ बघितलं. माझा डावा हात वर होत नव्हता. "बस," ते म्हणाले. "इथलोक मीबी आलो होतो."

मी उभा राहिलो. टोप डोक्यावरच होता. मी त्यातूनच सगळं बोलून टाकलं, एका दमात. टोपात माझाच आवाज माझ्या कानांवर आदळत होता.

"काय म्हणते?" ड्रायव्हरभाऊंनी विचारलं.

"काईच आयकू येत नाई," बाई म्हणाल्या.

चाचा जवळ आले. टोपावर बोटाच्या पेरानं ठोकलं, टकटक. "हे काढून बोला, मास्तर."

हनुवटीखालचा पट्टा घामानं आवळला होता. तो सोडवायला मला वेळ लागला आणि कोणी मदत केली नाही. टोप काढला, काखेत धरला. पायरीवर तिघं होती, दोन गिऱ्हाइकं होती आणि ऊन होतं. मी म्हणालो, "चाचा, मी नऊ चाळीसला चिलखत काढलं. दुपारी झोपलो. निघताना तोंडावर पाणी मारलं, घाम दिसावा म्हणून. मॅनेजरला शर्टासारखं वाटतं म्हणालो, तेही खोटं. हात तुमचा बरोबर होता, डोळाही बरोबर होता. चूक मी केली आणि तिचं ओझं तुमच्या हातावर टाकलं. मला माफ करा."